शंभर गाण्यांची गुणपत्रिका

गाण्यांना नंबर देता येतात का, असं कोणी विचारलं तर मी हल्ली उठून आत जातो. पूर्वी या प्रश्नावर मी तासभर बोलत असे. ठाण्याच्या ऑफिसात सबंध नोकरी मी आकडेवारीच्या टेबलावर काढली. आकड्यांना भाऊबंद नसतात, हे माझं लाडकं वाक्य होतं. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

निवृत्त झाल्यावर डोंबिवलीतल्या आमच्या संगीत मंडळाने मला बोलावून घेतलं. वर्धापनदिनाला मराठीतली सर्वश्रेष्ठ शंभर लोकप्रिय गाणी जाहीर करायची होती, आणि आधीच्याच बैठकीत दोन सभासदांची एका भावगीतावरून अशी जुंपली होती की एक जण चपला न घालताच घरी गेला. मी म्हटलं, अहो, भांडता कशाला, मोजा की! आणि बसून गुणपत्रिका तयार केली. चार रकाने: शब्द, चाल, गळा, लोकप्रियता. पहिल्या तिन्हींना समितीतल्या सातही जणांनी दहापैकी गुण द्यायचे, सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा टाकून सरासरी काढायची. लोकप्रियतेसाठी मात्र गाणं वाजवायचं आणि ज्यांनी ते आधी ऐकलंय त्यांनी हात वर करायचा. शेवटचा नियम असा की कुठल्याही रकान्यात शून्य आलं की गाणं बाद. अध्यक्षांनी स्वतः चाल लावलेलं एक गाणं यादीत घुसवायचा घाट घातला होता, ते परस्पर कटावं म्हणून हा नियम. सुचवणाऱ्याचा हात मोजायचा नाही, हेही त्यासाठीच. ते कटलंही. सगळे खूश. वस्तुनिष्ठ, वस्तुनिष्ठ असा नुसता गजर चालला होता.

डोंबलाची वस्तुनिष्ठता! सात माणसं, सगळी स्टेशनच्या एकाच बाजूची. सगळ्यांच्या लहानपणी सकाळी एकाच वेळी तोच रेडिओ लागायचा. आम्ही गाणी मोजत नव्हतो, आमचेच कान मोजत होतो. पण हे तेव्हा मला कळलं नाही, आणि कोणी सांगितलं असतं तर मी त्याला सरासरी म्हणजे काय ते शिकवलं असतं.

शहाडचा माझा एक मित्र आहे. होता म्हणायला हवं. ऑफिसात पंचवीस-एक वर्षं आमची टेबलं शेजारी होती. त्याचे वडील कारखान्यात कामाला होते, आणि पाळी संपवून आले की गाणी लिहायचे, जयंतीच्या मिरवणुकीत गायला. त्यांतलं एक गाणं, विहिरीच्या पाण्यात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा चेहरा बघणाऱ्या बाईचं, कुठल्या कुठे गेलं. दरवर्षी एप्रिलात गावोगावी वाजतं. पण कोणाचं आहे, हे कोणालाच माहीत नाही.

"कॅसेटवर काय छापलं होतं माहितीय? पारंपरिक," मित्र मला म्हणाला. यादीची बातमी कळल्यावर तो मुद्दाम डोंबिवलीला आलेला. "अरे, जिवंत माणसाला पारंपरिक म्हणतात! बाबा पंच्याऐंशीचे झाले. नंबर कितीही येऊ दे रे. एकदा स्टेजवरून त्यांचं नाव त्यांच्या कानावर पडलं ना, बस्स."

मी म्हटलं, "घेऊन ये गाणं. आपल्याकडे काही वशिला चालत नाही, जे आहे ते कागदावर." हे मी अभिमानाने म्हटलं.

तो आला, मोबाइलवर गाणं लावलं. गुण भराभर पडले, आणि चांगले पडले. शब्दांना साडेआठच्या वर, जे पुढे चौथ्या आलेल्या गाण्यालाही मिळाले नाहीत. आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "गोड आहे हो. पण हे जरा... वेगळ्या प्रकारातलं नाही का वाटत?"

"भक्तिगीतं घेतलीच आहेत की आपण," कोणीतरी म्हणालं.

"ती सगळ्यांची असतात," बाई म्हणाल्या. मनात काही खोट ठेवून नाही, अगदी साधेपणाने.

मग मी नियमाप्रमाणे विचारलं, "हे गाणं आधी कोणी ऐकलंय?"

एकही हात वर झाला नाही. मित्राने माझ्याकडे पाहिलं. विनवणी वगैरे नव्हती त्या बघण्यात. त्याने गृहीतच धरलं होतं, हसायलाही लागला होता तो. कारण दर एप्रिलात मी त्याच्या घरी जेवायला जायचो, आणि जेवणं झाली की त्याचे बाबा खंजिरी घेऊन हेच गाणं म्हणायचे. मी मान डोलवायचो. दुसरं कडवं मला पाठ होतं, अजूनही आहे. माझा एक हात वर गेला असता तर रकान्यात एक पडला असता, आणि बाकीच्या गुणांवर ते गाणं पहिल्या चाळिसात आरामात बसलं असतं.

मी हात वर केला नाही. पेन घट्ट धरून बसलो आणि रकान्यात शून्य लिहिलं.

का? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. गुणपत्रिका माझी, मीच निःपक्षपाती राहायला नको का, सुचवणारा माझा मित्र, लोक काय म्हणतील. सगळ्या थापा. खरं एवढंच की मी हात वर केला असता तर सहा माना माझ्याकडे वळल्या असत्या: "तुम्ही कुठे ऐकलंत?" आणि मला सांगावं लागलं असतं की मी एप्रिलात कुठे जेवायला जातो. जे मी इतकी वर्षं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. घरी मी म्हणायचो, ऑफिसचं जेवण आहे. मला लाज वाटली. त्या घरात बसून पुरणपोळ्या चापताना नाही वाटली, ती त्या खोलीत वाटली.

मित्राने मोबाइल उचलला. "बरोबर आहे," तो म्हणाला, "नियम म्हणजे नियम." आणि गेला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी स्टेजवरून समोर पाहिलं. तिसऱ्या रांगेत त्याचे बाबा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. गाणं दिलंय, एवढं मुलाने त्यांना आधीच सांगितलं होतं. बाद झालंय हे सांगायचा त्याला धीर झाला नसावा. माझं काम नंबर वाचायचं, शंभरपासून खाली. प्रत्येक नंबराला म्हातारा पुढे झुकायचा. ऐंशी गेला, सत्तर गेला, आणि त्याचा चेहरा पडायच्या ऐवजी उजळत चालला. आपलं अजून आलं नाही, म्हणजे आणखी वर असणार! मी वाचत होतो, दशांशासकट. दहाच्या आत आल्यावर तो बसल्या जागी केस सारखे करायला लागला, स्टेजवर बोलावतील म्हणून. पहिला नंबर वाचला तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. तोही काठी टेकत उठला आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

बाहेर बाबांनी मला गाठलं, दोन्ही हातांनी माझा हात धरला. "लई छान झालं हो. आमचं कुठं बसलं?"

मित्र मागे उभा होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "एकशे एक, बाबा. जरासं हुकलं."

"एकानं?" ते मुलाकडे वळले. "ऐकलंस का? एकानं हुकलं रे!" आणि दात नसलेलं हसू हसले, मनापासून. मित्राने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "चला बाबा, रिक्षा मिळायची नाही." त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. मला ते आमच्या ऑफिसातल्या तिसऱ्याच माणसाकडून कळलं. पुण्यानुमोदनाच्या सभेला कल्याणहून रिक्षा करून शहाडला गेलो. गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स लागला होता. बाबांचा फोटो, खाली त्यांचं नाव हातभर अक्षरांत, आणि त्याखाली: महाराष्ट्राच्या सर्वश्रेष्ठ गाण्यांत १०१ वा क्रमांक पटकावणारे लोककवी.

मित्र मांडवाच्या दाराशी होता. मी म्हटलं, "अरे, ते एकशे एक..."

"खोटं आहे, माहितीय मला. पोरांना नाही माहीत. बाबांनी शेवटपर्यंत सगळ्यांना तेच सांगितलं." तो शांतपणे बोलत होता. "खरं सांगायचं असेल तर आत जा, सांग. पण पुरतं सांग. तुला गाणं येत होतं, इथपासून सुरू कर."

आत खरोखरच माइक होता. कोणीतरी मला ओळखलं, "हे ते यादीवाले साहेब", आणि दोन शब्द बोलायला माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. समोर फोटो, पहिल्या रांगेत मित्र, त्याची सून, नातवंडं, गल्लीतली माणसं. मी म्हटलं की शंभर आणि एकशे एक यांत फार म्हणजे फारच थोडा फरक होता. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण मागच्या पोरांना राहवलं नाही.