ग्विनचा फोन

आज कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या मुलीने माझी चिठ्ठी दोनदा वाचली आणि डॉक्टरांना फोन लावला. किती माणसं अशा एका फोनवर जगत असतील!

वेल्समधल्या खेड्यात मी डॉक्टर होतो, तेव्हा औषधवाला ग्विनही असाच फोन करायचा. दुकान त्याच्या आजोबांचं. तिथे मेंढ्यांचंही औषध मिळे.

"डॉक्टर, मेगनआजींना हा डोस जास्त होईल."

"डॉक्टर तुम्ही की मी? लिहिलंय ते द्या," मी खेकसलो.

त्या डोसाने मेगनआजी गेल्या. चौकशीत मी म्हणालो, फोन आलाच नाही. न विचारता औषध दिल्याचा ठपका ग्विनवर आला आणि दुकानाची तीन पिढ्यांची पाटी उतरली.

ग्विन आता नाही. त्याच्या मुलीला पत्र लिहायला बसतो आणि कागद फाडतो. लिहायचं एकच वाक्य आहे: त्या दिवशी तुझ्या वडिलांनी मला फोन केला होता.