कानावरचे दाणे

माझे काका घरोघरी जाऊन पियानो सुरात लावून देत. डोळे मिटून एकच पट्टी पुन्हा पुन्हा वाजवायचे. ते जागे आहेत की झोपेत, कळायचं नाही, आणि दुपारही तिथेच रेंगाळायची. शब्द खर्चायला मात्र महाकंजूस. त्यांच्या उजव्या कानाच्या कडेला पांढरट, टणक दाणे होते. दुखत नसत, म्हणून कुणी विचारही केला नाही. "इतकी वर्षं ऐकलेले सूर साठलेत तिथे," काकू म्हणायची, आणि झोप लागेपर्यंत ते दाणे चाचपत पडायची. काकू गेली, आणि ते चाचपणारं कुणी उरलं नाही.

पायाचा अंगठा मधूनच लाल होऊन ठणके, त्याचं खापर काका बुटांवर फोडत. पुढे बोटांच्या पेरांवर गाठी आल्या. काट्याचा नायटा झाला. तारा ताणायची किल्ली मुठीत धरता येईना. शेवटी मीच त्यांना ओढत त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी हाताआधी कान पाहिला. मग बोटावरच्या गाठीत सुई घालून खडूच्या लगद्यासारखं काहीतरी काढलं, आणि काकांना सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. अंधारात लखलखत्या सुयाच सुया. काका बराच वेळ डोळा हलवेनात.

"हा गाऊट. रक्तात युरिक ॲसिड वाढलं की त्याचे असे खडे साठतात," बाई म्हणाल्या. "रोज गोळी, अधूनमधून रक्ताची तपासणी. सुरुवातीला अंगठा पुन्हा ठणकेल, त्यावरही औषध देते. पण ही गोळी सोडायची नाही. गाठी हळूहळू विरघळतील."

"कानावरचे दाणे पण?"

"ते पण."

आठवडा गेला तरी काकांनी गोळ्यांना हात लावला नाही. मी चिडले. "किल्ली धरता येत नाही, आणि नखरे कसले करता?"

"तिचा हात लागायचा तिथे," काका म्हणाले.

माझा राग कुठल्या कुठे पळाला. तरी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवलीच, आणि ते गिळेपर्यंत समोरून हलले नाही.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं, मुंगीच्या पावलांनी जातं. वर्ष उलटलं, त्यावर आणखी काही महिने. काका आमचा पियानो लावायला आले तेव्हा किल्ली सहज फिरत होती, आणि कान गुळगुळीत झाला होता.

"काकूची आठवण येते?" मी विचारलं.

"स्वप्नात येते ती. कान चाचपते, आणि मला ओळखतच नाही."

"मग?"

"मग मी हात पुढे करतो. आता बोटं तिच्या हातावर मिटतात."