दोन-चारची बाई

मंगरूळपीरच्या बाजारगल्लीत मेहरुन्निसाचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन बाया आत बसल्या की तिसरीने बाहेरूनच हात लांब करायचा. पण तालुक्यातल्या समस्त बायांचं एक गुपित त्या दुकानात तीस वर्षं सुखरूप होतं. ते म्हणजे, अख्ख्या तालुक्यात दोन-चारची बाई औषधालासुद्धा नाही.

दोन-चार हे बांगडीचं माप. नाजूक हाताचं. त्याच्या वर दोन-सहा, मग दोन-आठ, मग दोन-दहा. आता निंदणं-खुरपणं करून, कापूस वेचून, दहा माणसांच्या भाकरी थापून जो हात तयार होतो, तो दोन-चारचा राहील कसा? पण दुकानात आली की प्रत्येक बाई पदर सावरून म्हणणार, "मेहरूनचाची, दोन-चार दाखवा." चाची "हाव, हाव" म्हणायची, गुपचूप दोन-आठची जोडी काढायची, साबणाचं पाणी लावायची आणि अंगठ्याच्या सांध्याला असा काही दाब द्यायची की बांगडी आत. "पाह्यलं? दोन-चार. फिट्ट बसली." बाई खूश, चाचीही खूश. माप डोळ्यात ठेवायचं, ओठावर आणायचं नाही, हा मणेरणीचा, म्हणजे बांगड्या भरणाऱ्या बाईचा, कायदा तिला सासूने, जैनबबीने, शिकवला होता.

मग घरात सून आली आणि कायदा बुडाला.

सुनेचं नाव उमेरा. अकोल्याची पोरगी, बारावी पास, हातात टचचा फोन. नेट नुकतंच स्वस्त झालं होतं तेव्हाची गोष्ट. तहसीलच्या चपराशापासून दर्ग्याबाहेरच्या फूलवाल्यापर्यंत जो तो मान खाली घालून बसलेला. आणि लोकांना हसायला तरी काय लागायचं तेव्हा! कोणी घसरून पडला, हसले. कोणी शिंकला, हसले. तोच व्हिडिओ पाच जणांकडून आला, तर पाचही वेळा हसले.

मेहरुन्निसाला नकलांचं वेड पहिल्यापासून. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती नवऱ्यासाठी, चांदमियांसाठी, नकला करायची. चांदमिया आवाज न करता हसणारे गृहस्थ. त्यांचं नुसतं पोट हलायचं, आणि तेवढ्यासाठी ही बाई तीस वर्षं घसा कोरडा करत होती. त्या दुपारी उमेराने फोन समोर धरला. मेहरुन्निसा एकदा इकडे बसून मणेरीण झाली, एकदा तिकडे बसून गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणते, "दोन-चार दाखवा." मणेरीण तिचा हात पाहते, मग वर आभाळाकडे पाहते. बांगडी अजून वीतभर लांब, तोच गिऱ्हाईक किंचाळते, "माय वं! मेली, मेली! हात तुटला!" आणि बांगडी चढल्यावर डोळे पुसत विचारते, "याच्यात मोरपंखी नाही का?" एवढंच. सगळं मिळून मिनिटभराचं.

उमेराने त्याला 'दोन-चारची बाई' असं नाव देऊन फेसबुकवर टाकलं. दोन दिवसांत ते आसेगावला पोचलं, रिठदला पोचलं, वाशीमला पोचलं. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या कोण्या साडूने ते चांदमियांनाच पाठवलं. खाली लिहिलं होतं, "पाहा, काय काय बाया असतात एकेक!" बसमध्ये कंडक्टरने हात पुढे करून विचारलं, "काय चाची, दोन-चार देऊ का?" आणि अख्खी बस हसली.

खोटं कशाला बोला, मेहरुन्निसाला आनंद झाला. बावन्न वर्षांची झाली होती बाई. आजवर जो आला तो बांगड्या पाहून गेला. "उमेरा, लोक मले पाहून राह्यले व! बांगड्या सोडून मले!" म्हणाली, आणि एका महिन्यात आणखी सात व्हिडिओ केले. चांदमियांचं पोट काही थांबेना.

मग एकेक बाई दुकानात भांडायला येऊ लागली. भांडण काय, तर 'ती दोन-चारची बाई म्हणजे मीच.' शाळेतल्या मॅडम आल्या, तहसीलच्या बाबूची बायको आली. पीठगिरणीवाली तर दळण टाकून आली, पांढऱ्या भुवयांनी.

मेहरुन्निसा म्हणाली, "मॅडम, तुमी तं ओरडतच नाही."

"मग मी मुकाट्यानं सहन करते, त्याची थट्टा केली का?" मॅडम म्हणाल्या.

बाबूच्या बायकोला व्हिडिओतल्या ओरडण्याचा राग नव्हता. राग होता मणेरीण आभाळाकडे पाहते त्याचा. "माह्या हातापाई आभाळाकडे पाह्यलं तुमी?" ती पुन्हापुन्हा विचारत होती. मेहरुन्निसाने सगळ्यांना चहा पाजला, अल्लाची शपथ घेतली आणि हसून सोडून दिलं.

पण मग आसेगावच्या उज्ज्वलाबाईचा फोन आला, आणि मेहरुन्निसाचं हसू जागच्या जागी थांबलं.

"चाची, गुरुवारी वर्षाराणीच्या चुड्याले येऊ नका. बांगड्यायचा डबा आणला आमी वाशीमवरून. रेडिमेड." एवढं बोलून फोन बंद.

या घराचं नातं समजून घ्या. उज्ज्वलाबाईच्या सासूचा चुडा जैनबबीने भरला होता. उज्ज्वलाबाईचा चुडा मेहरुन्निसाने भरला. तो तिने एकटीने भरलेला पहिला चुडा. उज्ज्वलाबाईच्या लेकीच्या, वर्षाराणीच्या, हातातली पहिली काळी बांगडीही हिनेच चढवलेली. आणि आता त्या पोरीच्या लग्नात डबा! मेहरुन्निसाला रात्री जेवण गेलं नाही. दुकान बंद पडलं असतं तरी तिने सोसलं असतं. पण त्या अंगणात नवरीसमोर वाशीमचा डबा उघडणार, हे तिच्या काळजाला लागलं. उज्ज्वलाबाईचं माप दोन-दहा. तिला वाटलं, चाचीने आपलं माप गावभर केलं. मणेरणीला याहून मोठी शिवी नाही.

"अम्मी, खरं सांगा," उमेरा म्हणाली, "ती बाई उज्ज्वलाताई होती का?"

"नाई व."

"मग कोण?"

मेहरुन्निसाने दाराकडे पाहिलं, चांदमिया झोपलेत का ते पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "मी."

उमेराला आधी कळेचना. मग सासूने सगळं सांगितलं. नवी नवरी होऊन ती या घरात आली, तेव्हा तिसऱ्या दिवशी जैनबबीने तिचा हात धरला. बांगडी अजून पेटीतच होती, आणि मेहरुन्निसाने अशी किंकाळी फोडली की आग लागली समजून शेजारी बादल्या घेऊन धावले. जैनबबीने 'पाल पडली अंगावर' सांगून सगळ्यांना, चांदमियांनासुद्धा, वाटेला लावलं. त्या दिवसापासून तिच्या हातात काच नाही, साध्या धातूच्या दोन बांगड्या. लोकांना सांगायची, "काचात काम करणाऱ्या हाताले काच चालत नाई." लोकांनाही ते मोठं तत्त्वज्ञान वाटायचं. आणि खरी गोष्ट काय, तर दुसऱ्यांच्या हजारो हातांत बांगड्या भरणारी मणेरीण स्वतः काचेच्या बांगडीला भिते!

"मग हेच सांगा ना उज्ज्वलाताईले," उमेरा म्हणाली.

"अन् मग दुकानात कोण येईन? पोहायले भेणारा कोळी पाह्यला का कुठं?"

दोन दिवस तिने डोकं खाजवलं. गुरुवारी सकाळी पेटी उचलली, सुनेला म्हणाली, "चाल. फोन घरी ठेव," आणि बोलावणं नसताना आसेगावची बस धरली.

उज्ज्वलाबाईच्या अंगणात मांडव पडला होता, आणि मांडवात वेगळाच तमाशा चालू होता. वाशीमच्या दुकानात उज्ज्वलाबाईने लेकीचं माप काय सांगावं? दोन-चार! चार नणदांसमोर दुसरं सांगणार कशी? वर्षाराणीचा हात चांगला दोन-सहाचा. एक मावशी ओढत होती, दुसरी दाबत होती, पोरीचा पंजा लाल झाला होता. नवरीची बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, 'वाढली' म्हणायचं. तर पाच वाढल्या होत्या आणि सहावी वाढायच्या बेतात होती.

मेहरुन्निसाला पाहून वर्षाराणी रडतच उठली. "चाची, आल्या तुमी!"

"बस खाली," उज्ज्वलाबाई म्हणाली. मग चाचीकडे वळली. "तुमच्या हातानं माह्या पोरीचा चुडा होणार नाई. आधी सांगा सगळ्यायसमोर. त्या व्हिडिओतली बाई मीच ना? माहंच माप ना ते?"

पन्नास बाया चाचीकडे वळल्या. मेहरुन्निसाने पेटी जमिनीवर टेकवली. खरं सांगावं तर मणेरीण म्हणून नाव जातं, न सांगावं तर हे अंगण जातं. तिने पेटी उघडली, हिरवी काच काढली, उज्ज्वलाबाईच्या हातात दिली आणि आपला हात पुढे केला.

"घ्या. भरा मले."

"मले कुठं येते?"

"भरा तं खरं."

उज्ज्वलाबाईने बांगडी उचलली. अजून वीतभर लांब होती. मेहरुन्निसाने दात आवळले, डोळे मिटले, मनात काय म्हणायचं ते म्हटलं, पण व्हायचं ते झालंच. "माय वं! मेली, मेली! हात तुटला!" घराच्या आढ्यावरचे पारवे उडाले. स्वयंपाकाकडून आचारी झारा घेऊन धावला. व्हिडिओत होती तीच किंकाळी, पण या वेळी डोळ्यांतून खरं पाणी.

"हे मी हाय," हात छातीशी धरून मेहरुन्निसा म्हणाली. "तुमी नाई, मॅडम नाई, कोणीच नाई. कावून लपवू? मले भेव लागते बांगडीचं. पह्यल्यापासून."

मग जे हसणं फुटलं, ते काही विचारू नका. म्हाताऱ्या लवंडल्या. वर्षाराणी लाल पंजा विसरून हसली. एक आत्या मेहरुन्निसाला जवळ घेऊन म्हणाली, "मले बी लागते व चाची, सांगू कोणाले!" आणि मग निघाल्या एकेक, मलेही, मलेही. मेहरुन्निसा तोंडाला पदर लावून हसतही होती आणि रडतही होती.

एकटी उज्ज्वलाबाई हसली नाही.

"म्हणजे त्याच्यात मी नव्हती?"

"नाई माय. कसम."

"थोडीशी बी नाई?"

"जराशी बी नाई."

उज्ज्वलाबाईचा चेहरा उतरला. ती मांडवाच्या खांबाला टेकून बसली. "तीन पिढ्यायचं घर आपलं," ती म्हणाली, "अन् अख्ख्या गावाले मी सांगत फिरली का चाचीनं माही बदनामी केली. पुण्याच्या नणदेले सांगतलं. तिनं तिकडं सगळ्यायले दाखवलं, ही माही वयनी हाय म्हणून. आता तिले काय तोंड दाखवू?"

मेहरुन्निसाने तिच्याकडे पाहिलं. बाईचं दुःख खरं होतं.

"बनवू ना तुमच्यावर," ती म्हणाली. "खास बनवू. आधी पोरीचा हात तं द्या."

उज्ज्वलाबाईने डोळे पुसले, वाशीमचा डबा पायाने खाटेखाली सरकवला आणि लेकीला पाटावर बसवलं. मेहरुन्निसाने साबणाचं पाणी मागवलं, वर्षाराणीचा पंजा दोन्ही हातांत घेऊन सांधा चोळला, आणि पहिली हिरवी बांगडी कोणाला कळायच्या आत मनगटावर गेली. बाया गाणं म्हणू लागल्या. तेवढ्यात उज्ज्वलाबाई चाचीच्या कानाशी वाकली.

"अन् नाव घेऊन बनवजा हं चाची. आडनावासकट. नाईतर मॅडम परत मधातच म्हणन, ते मी हाय म्हणून."