डॉक्टरबाईंनी बुडवलेली एजन्सी

आपल्या लॅबमध्ये रिपोर्ट हातात देण्याआधी डॉक्टरबाई स्टूल पुढे ओढायच्या आणि सूक्ष्मदर्शकाकडे बोट करायच्या. "राव, स्वल्प बघा की. तुमचंच रक्त आहे." म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात राहिला असाल तर तुम्हीही त्या स्टुलावर बसला असाल.

मी जुनी यंत्रं घेतो, विकतो. त्यांना एक फ्रीज विकला, तेव्हा मी सांगितलेला भाव त्यांनी मुकाट्याने दिला. घासाघीस नाही! असा अपमान मी विसरत नाही.

पण खरा राग एजन्सीचा. रक्ताच्या एका थेंबावर सगळे रोग सांगणारी पेटी घेऊन एक नवी कंपनी म्हैसूरला आली. पत्रकावर माजी मंत्री, निवृत्त अधिकारी, बडे उद्योगपती. एजन्सी मला मिळणार होती. आमच्या समाजाच्या हॉलमध्ये मी शिबिर भरवलं आणि पहिला थेंब बायकोचा दिला. पेटी पडद्यामागे होती, थेंब तिकडे गेला. रिपोर्ट आला: साखर अगदी ठीक. रोज इन्सुलिन टोचून घेणारी माझी बायको लहान मुलीसारखी हसली. "आता सुई बंद!"

संध्याकाळी डॉक्टरबाई घरी आल्या, बायकोला म्हणाल्या, "अक्का, सुई बंद करू नका."

मी भडकलो. "तुमचा धंदा बसेल म्हणून पोटात दुखतंय!"

"बसेल की. म्हणून माझं ऐकूच नका. पेटी समोर चालवायला सांगा."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये त्यांनीच विचारलं. कंपनीचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, ते गुपित आहे. आमच्या पाठीशी कोण आहेत, बघितलं ना?"

"बघितलं. त्यांच्यातलं कोण रक्त तपासतं?"

हॉल हसला. मी नाही. माल दाखवा म्हटलं की मोठी नावं सांगणारे विक्रेते मी जन्मभर पाहिलेत. डोकं फिरलं. पडदा बाजूला ओढला, खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने पेटी उघडली. आत एक पंखा आणि एक हिरवा दिवा. रक्त घालायला जागाच नव्हती.

"सर, तुमची एजन्सी कॅन्सल!"

"घाल चुलीत!"

त्या रात्री बायकोने गुपचूप सुई टोचून घेतली.

डॉक्टरबाई आता मुलीकडे शिवमोग्ग्याला असतात. लॅब एक तरुण डॉक्टरीण चालवते. बायको रविवारी चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढते आणि वाटेतल्या नंदीपाशी थांबून त्यांना व्हिडिओ कॉल लावते.

"अक्का, चढताना साखर उतरली तर? खडीसाखर घेतलीय ना?"

मागून धापा टाकत येणाऱ्या माझ्याशी त्या बोलत नाहीत. एजन्सीचा विषय निघेल म्हणून असेल. खडीसाखर मात्र माझ्याच खिशात असते.