वत्सलाला भीती वाटेल असं अक्षर

कमलाकांत पेंटरला साधं अक्षर काढता यायचं नाही. हात वळायचाच नाही, मग करणार काय! मुरबे गावाच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्यांवर त्याच्या हातची नावं होती. लाल जाड अक्षर, त्याला पिवळी सावली, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी लाटेसारखी वर वळवलेली. गावातल्या बहुतेक बायका शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. पण होडी खाडीच्या तोंडाशी आली की त्या वळणावरूनच ओळखायच्या, आपली आली. घरचा माणूस सुखरूप परतल्याची पहिली खूण म्हणजे ती लाल-पिवळी अक्षरं. कमलाकांतला याचा कोण अभिमान!

शहाऐंशी साली बोईसरच्या एका कारखान्याने त्याला बोलावलं. मागच्या अंगाला नवी टाकी बसवली होती. सोमवारपासून रोज दुपारी साडेबाराला तिची झडप उघडून आतली वाफ सोडायची होती, आणि ती वाफ छातीत गेली तर माणूस जागच्या जागी आडवा. तिथल्या भिंतीवर लिहायचं होतं, ‘धोका. येथे थांबू नये.’ अक्षर कसं हवं ते साहेबाने सांगितलं नाही, यानेही विचारलं नाही. शहाण्याने दोन दिवस खपून जन्मातलं सगळ्यात देखणं काम केलं. सावली, शेपटी, काही म्हणून सोडलं नाही. साहेबही खूश झाला.

त्याची बायको वत्सला त्याच कारखान्यात पिंपं धुवायला जायची. सोमवारी ती नेहमीप्रमाणे पहिल्या पाळीच्या बसने गेली. कमलाकांत किनाऱ्यावर एका होडीचं नाव रंगवत बसला होता. साडेअकराच्या सुमाराला शेजारची रखमा तिथे आली. तीही त्याच कामावर, पण आज दुसऱ्या पाळीला. उभ्या उभ्या तिने कौतुकाने सांगितलं की गुरुवारपासून आम्ही सगळ्या त्या टाकीमागच्या भिंतीशीच भाकरी खातो. सावली चांगली पडते, आणि वर तुमची अक्षरं, त्यामुळे आपल्याच होडीला टेकून बसल्यागत वाटतं.

ब्रश हातातच राहिला आणि कमलाकांत सायकलवर बसला.

रस्ता संपता संपेना. साडेबाराच्या आत पोचलो नाही तर? आपण काय लिहिलं ते वत्सला वाचणार नव्हती, ती नुसतं बघणार होती. एवढी साधी गोष्ट लिहिताना डोक्यात आली नाही, म्हणून तो स्वतःला शिव्या घालत पायडल मारत होता. फाटकावर राखणदाराने हिंदीत पास मागितला. टाकी थांबवायला सांग म्हणून याने परोपरीने विनवलं, पण तो ढिम्म हलेना. शेवटी कमलाकांतने सायकल त्याच्याच अंगावर लोटली आणि आत धूम ठोकली.

भिंतीखाली पाचजणी ऐसपैस बसल्या होत्या. यंत्रांच्या आवाजात त्याची हाक पोचेना. वत्सलाने त्याला पाहिलं, हसली आणि मैत्रिणींना वरची अक्षरं बोटाने दाखवू लागली. त्याने तिचं मनगट धरून तिला खेचलं, बाकीच्यांना अक्षरशः ढकललं. वीसेक पावलं गेले असतील नसतील, तोच मागे झडप सुटली आणि सगळी भिंत पांढऱ्या वाफेत दिसेनाशी झाली. डबे तिथेच राहिले. त्यांतली जिवली खोकत खोकत गुडघ्यांवर बसली. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, पण सगळ्या जिवंत होत्या.

कमलाकांतला राग आवरेना. एवढं मोठं लिहिलं होतं, तरी तिथेच बसलात, असं तो वत्सलावर ओरडला.

ती पदराने डोळे पुसत म्हणाली, “तुमचं अक्षर बघून कोन भिनार? ते दिसलं का आमाला घर आल्यावानी वाटतं.”

झडप बंद झाल्यावर, वाफ पुरती निवल्यावर, त्याने आपल्या हाताने चुना फासून ती सगळी अक्षरं पुसली. मग काळ्या रंगाची जाड, ताठ, ओबडधोबड अक्षरं काढली. सावली नाही, शेपटी नाही. काढताना त्याच्या जिवाला फार लागलं.

पुढची दहा-बारा वर्षं तो होड्याही रंगवायचा आणि बोईसरच्या कारखान्यांच्या पाट्याही. पण धोक्याचं अक्षर आधी घरी फळीवर काढायचा, फळी अंगणात उभी करायचा आणि वत्सलाला हाक मारायचा.

“बसशील याच्याखाली?”

ती निरखून बघायची. कधी म्हणायची, “बसेन.” मग तो फळी पुसून पुन्हा काढायला घ्यायचा. ती दोन पावलं मागे सरली, की मगच ते अक्षर कारखान्याच्या भिंतीवर जायचं.