शिरूरच्या माळावरचा मुक्काम

माझं अक्षर गिचमिड आहे आणि शिक्षण चौथी, तेव्हा चुका पोटात घाला. आज कुरुळीत मी कामाला आहे त्या कंपनीच्या भिंतीलगतचं वाळलेलं गवत लोक कापत होते आणि त्या वासानं मला शिरूरपुढचा माळ आठवला. तेव्हा मी सायकलवर एकटीच आष्टीकडे माहेरी निघाले होते. तीन दिवसांची वाट होती आणि मुक्कामाला पॅकिंगच्या ताडपत्रीचा, मीच शिवलेला तंबू होता. घरात कुणालाच हे पटलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी धाकटे दीर पिकअप घेऊन मागोमाग आले. मी तंबू ठोकत होते आणि वाऱ्यानं तो दोनदा उलटा केला. "झाली का हौस, वहिनी? बसा गाडीत, दादा उपाशी आहे," ते हसून म्हणाले. शेजारी मेंढ्या बसवलेली एक धनगरीण लांबूनच बोलली, "दार वाऱ्याकडं नको बाई, अन् खुट्या तिरक्या ठोक." मी तसं केलं आणि तंबू उभा राहिला. तेवढ्यात दिरांनी गाडीत टाकायला सायकल उचलली. मी मागचं चाक धरलं. सुपरवायझरसमोर माझा आवाज फुटत नाही, पण तिथे मी म्हणाले, "भाऊजी, खाली ठेवा. ह्यांना सांगा, पीठ डब्यात आहे आणि हात त्यांनाही आहेत." धनगरीण तोंडाला पदर लावून हसली. दिरांनी सायकल ठेवली आणि ते रिकामी गाडी घेऊन परत गेले. तिसऱ्या दिवशी मी आष्टीला पोचले. अजूनही चारचौघांत माझी मान वर होत नाही, पण त्या माळावर बोललेलं मी मागे घेतलेलं नाही, आणि कुणी सांगितलं तरी घेणार नाही.