त्याच्या कवितेतले माझे अप्पा

आमच्या प्रेमाला कुणाचाच विरोध नव्हता. आता वाटतं, तिथंच सगळं बिनसलं.

मी नळदुर्गची. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, बाजारात किराणा दुकान होतं. तो दोन गल्ल्या पलीकडचा, आमच्याच समाजातला. त्याच्या घरीही दुकानदारीच, आणि बोलणंही आमच्यासारखंच, अर्धं कन्नड अर्धं मराठी. त्याची आई मला देवळात भेटली की गालावरून हात फिरवायची. माझी आई त्याला गुणाचं पोरगं म्हणायची. जात आड येत नव्हती, पैसा आड येत नव्हता. पत्रिका कुणी बघितल्या नव्हत्या, पण बघितल्या असत्या तर त्याही मेल्या जुळल्या असत्या.

आम्ही दोघंही बी.ए.ला मराठी घेतलेले. वर्गात सर स्वच्छंदतावाद शिकवायचे. माणसाचं मन समाजाच्या नियमांपेक्षा मोठं, कवी हा गर्दीत एकटा, आणि प्रेम हाताला लागत नाही तोवरच खरं. मी हे सगळं परीक्षेपुरतं लिहून घेतलं. त्यानं अंगाला लावून घेतलं. केस वाढवले, किल्ल्यात एकटा जाऊन बसायला लागला. बोरी नदीला पाणी असलं की धबधब्याच्या कडेला उभा राहून मला कविता म्हणून दाखवायचा, आणि पाण्याच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू यायचं नाही. तरी मी मान डोलवायची. तेव्हा मला त्याच्यापलीकडे काही दिसत नव्हतं, आणि हे सांगायची मला आजही लाज वाटत नाही.

शेवटच्या वर्षी घरात स्थळांचं बोलणं निघालं, तेव्हा मी मनाचा हिय्या करून अप्पांना सांगून टाकलं. ते तराजूची पारडी पुसत होते. पुसायचं थांबवलं नाही.

"त्यो व्हय," ते म्हणाले. "मग त्येला म्हणावं, रविवारी घरी यीऊन बोल. म्या काय न्हाय म्हणणार न्हाय." मग थोडं थांबून, "पर केस कापून ये म्हणावं."

मी धावतच किल्ला गाठला. मला वाटलं होतं, हा आता उड्या मारेल.

"चिडले नाहीत?" त्यानं विचारलं.

"नाहीत."

"काहीच बोलले नाहीत?"

"केस काप म्हणाले."

पुढ्यात आलेलं ताट कुणी उचलून न्यावं तसा त्याचा चेहरा झाला. मी तो बघितला. बघूनही मला काही कळलं नाही, कारण आनंदात असलं की माणूस आंधळाच असतो.

रविवारी अप्पांनी दुकान बंद ठेवलं. इस्त्रीचा शर्ट घातला. आईनं सुशीला केला, चुरमुरे भिजवून, वर शेंगदाण्याचं कूट पेरून. अप्पा ओट्यावर बसून राहिले, आणि रस्त्यानं कुणी आलं की उगीच सावरून बसायचे. तो आला नाही. अंधार पडल्यावर आईनं गार झालेला सुशीला आमच्याच ताटात वाढला. अप्पा म्हणाले, "आसंल काय तर काम. पोरगं लाजाळू हाय." मी दुसऱ्या दिवशी त्याला गाठलं, तर म्हणाला, अजून मनाची तयारी व्हायचीय. असं म्हणून नदीकडं बघत बसला. त्यानंतरही तो कधी घरी आला नाही.

पुढं गणपतीत चौकात कविसंमेलन झालं. मंडपाबाहेर चारी बाजूंना भोंगे लावलेले. त्यानं नवी कविता म्हटली. तिच्यात एक मुलगी होती, जिला तिच्या दगडाच्या काळजाच्या बापानं कोंडून घातलं होतं आणि परक्या गावच्या धनवानाला देऊन टाकलं होतं. कवी पडक्या बुरुजावर एकटा उभा होता. लोक वा वा करत होते. बायकांच्या बाजूला कुणीतरी डोळ्याला पदर लावला. खोटं कशाला सांगू, मीही रडले. त्या मुलीची मला इतकी दया आली की ती मुलगी मीच आहे, इथंच बसले आहे आणि मला कुणीही कुठंही दिलेलं नाही, हे मी विसरूनच गेले.

परत येताना दुकानाशी थांबले. अप्पांनी भोंग्यावर सगळं ऐकलं होतं.

"कविता चांगली हाय," ते म्हणाले. "पर त्यो दगडाचा बाप म्हंजी म्या व्हय?"

आणि हसले. मला हसता आलं नाही.

गाव लहान. कविता कुणावर आहे हे सगळ्यांना कळलंच. गिऱ्हाइकं पुडा बांधून घेता घेता अप्पांना सुनवायची, "अप्पा, पोरांचं जमू द्यायचं की हो." अप्पा दोरा तोडत म्हणायचे, "जुनी माणसं आमी. आमाला कुठलं कळतंय." मी घरी भांडले. तुम्ही खरं का सांगत नाही म्हणून त्यांच्यावरच चिडले.

"काय सांगू?" ते म्हणाले. "माझ्या लेकीला त्या पोरानं न्हाय म्हणलं, आसं सांगू? त्यापरीस दगड बरा की."

मला ते पटलं, आणि त्याहून खरं म्हणजे सोयीचं वाटलं.

माझं लग्न आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला झालं. नवऱ्याचं मोटारपंपांचं दुकान आहे. माणूस सरळ आहे. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही आणि कविताही नाही. मी इथल्याच कॉलेजात मराठी शिकवते. तोच स्वच्छंदतावाद आता मीच मुलांना समजावून सांगते. तो धडा आला की माझा आवाज कोरडा होतो, आणि मुलांना वाटतं, बाईंना विषयच आवडत नाही. अप्पा गेले तेव्हा सांत्वनाला आलेलं एक जुनं गिऱ्हाईक माझ्यासमोरच म्हणालं, "माणूस सोन्यासारखा, फक्त लेकीच्या बाबतीत लई कडक." मी त्यालाही चहा दिला.

गेल्या वर्षी आमच्या स्नेहसंमेलनाला तो पाहुणा म्हणून आला. आता त्याचं नाव झालंय. बायको आहे, मुलं आहेत, त्यांच्यावर मात्र ओळ नाही. त्यानं तीच कविता म्हटली आणि पहिल्या रांगेतल्या मुली रडल्या. कार्यक्रमानंतर स्टाफरूममध्ये चहा घेताना तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला.

"अप्पा गेल्याचं कळलं," तो हळूच म्हणाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. मी त्यांना केव्हाच माफ केलंय."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा करत असेल असं वाटलं. पण त्याचे डोळे खरोखर भरले होते. तो खोटं बोलत नव्हता. इतकी वर्षं कविता म्हणून म्हणून त्याला आता तीच आठवत होती.

"अप्पांनी तुम्हाला बोलावलं होतं," मी म्हणाले. "त्या रविवारी दुकान बंद ठेवून दिवसभर तुमची वाट बघत बसले होते. तुम्ही आला नाहीत."

त्यानं हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं, आता आठवलं. त्यानं डोळे मिटले आणि सावकाश मान हलवली.

"वा," तो म्हणाला. "वाट बघणारा बाप. यावर लिहायला पाहिजे."

"नका लिहू."

पण तेवढ्यात मुली सेल्फी काढायला आल्या आणि तो हसत उठला.

मला राग आला होता, पण घरी येईपर्यंत तो त्याच्यावरचा राहिला नाही. सांगायचं होतं ते त्याला नव्हतंच. नळदुर्गच्या बाजारात, अप्पा गल्ल्यावर बसलेले असताना, त्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सांगायचं होतं, की ह्या माझ्या बापानं मला कधीच नाही म्हटलं नव्हतं, आला नाही तो तो पोरगाच. गावानं मला नाकारलेली पोरगी म्हटलं असतं. म्हणू द्यायचं होतं.